टीममधला तणाव म्हणजे काय? सॉफ्टवेअरवाले आपली भांडणं कशी मिटवतात

आपण एखादं अ‍ॅप अपडेट करतो आणि कालपर्यंत नीट चालणारं बटण आज दाबलंच जात नाही. आपण वैतागून एक स्टार देतो आणि विषय तिथेच सोडतो. पण त्या अ‍ॅपच्या मागे आठ-दहा जणांची एक टीम असते, आणि असे बिघाड खोदत गेलं की बऱ्याचदा तळाशी कोड सापडत नाही, त्या टीममधला एक अर्धवट राहिलेला वाद सापडतो. कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि दुसऱ्याने ते मनावर घेतलेलं नसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरीला सहा वर्षं झाली. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला डेटा स्ट्रक्चर शिकवलं, ऑपरेटिंग सिस्टिम शिकवली. पण शेजारच्या खुर्चीतला माणूस "माझ्याकडे तर चालतंय" असं म्हणून हेडफोन लावून बसला, तर पुढे काय बोलायचं, हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं. नोकरी लागल्यावर एचआरच्या ट्रेनिंगमध्ये "पॉझिटिव्ह राहा" एवढं सांगतात. त्याने काही होत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात मात्र या विषयावर बरीच वर्षं डोकेफोड झालेली आहे. जगभरातली हजारो माणसं एकमेकांना न भेटता एकच प्रोग्रॅम लिहितात, त्यामुळे भांडणं अटळ असतात. त्यातून काही कामाच्या पद्धती तयार झाल्या. आज त्यातल्या मला पटलेल्या बघूया. तुम्ही बँकेत असा, हॉस्पिटलात असा किंवा कॉलेजच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये, त्या वापरता येतील.

वाद सुरू कुठे होतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफिसमधल्या बहुतेक भांडणांना आपण "स्वभाव" असं लेबल लावतो, पण ती स्वभावाची नसतात, जोडाची असतात. नळ गळतो तो पाइपच्या मधोमध नाही, जिथे दोन पाइप जोडलेत तिथे. टीममध्येही तसंच. एकाचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, तिथे पाणी मुरतं.

डेव्हलपर आणि टेस्टर ही जोडी घ्या. डेव्हलपर कोड लिहितो, टेस्टर त्यातल्या चुका म्हणजे बग शोधते. डेव्हलपरचं कौतुक होतं ते काम वेळेत संपवलं म्हणून. टेस्टरचं कौतुक होतं ते बग पकडले म्हणून. एकाच्या यशात दुसऱ्याचा अडथळा, असं कंपनीनेच मांडून ठेवलेलं असतं. आता या दोन खुर्च्यांवर तुम्ही कितीही गोड माणसं बसवा, दोन महिन्यांत खटके उडायला लागतात.

१९६८ साली मेल्विन कॉनवे या प्रोग्रॅमरने एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं असं की, कुठलीही संस्था जी सिस्टिम बनवते, तिचा आकार त्या संस्थेतल्या बोलाचालीच्या आकारासारखाच निघतो. याला पुढे 'कॉनवेचा नियम' असं नाव पडलं. म्हणजे एखाद्या अ‍ॅपमध्ये एका पानावर पत्ता भरल्यावर पुढच्या पानावर परत तोच पत्ता विचारला, तर अंदाज बांधायला हरकत नाही की ती दोन पानं दोन वेगळ्या टीमने केलीत आणि त्या टीम एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

एक खरा वाद: पैसे दोनदा कापले जात होते

माझ्या आधीच्या कंपनीतली गोष्ट आहे, नाव सांगत नाही. आमचं अ‍ॅप रिचार्ज आणि बिल भरण्याचं. मी तेव्हा नोटिफिकेशनचा भाग बघायचो, त्यामुळे हे सगळं बाजूच्या टेबलावरून बघितलं.

आमच्या टेस्टरला एक बग सापडला. नेटवर्क मंद असताना 'पे' दाबलं की स्क्रीन अडकायची. माणूस काय करतो? परत दाबतो. मग कधीकधी पैसे दोनदा कापले जायचे. तिने तिकीट टाकलं. तिकीट म्हणजे बगची नोंद, ज्यावर सगळे कमेंट लिहितात. अ‍ॅपवाल्या डेव्हलपरने बघितलं, "माझ्याकडे होत नाही" असं लिहून बंद केलं. तिने परत उघडलं. त्याने परत बंद केलं. असं चार वेळा झालं. पहिल्या कमेंटमध्ये "प्लीज चेक" होतं, चौथ्यामध्ये "अ‍ॅज आय हॅव ऑलरेडी मेन्शन्ड" आलं. ऑफिसात काम केलेल्या माणसाला माहीत असतं, हे वाक्य म्हणजे हातात घेतलेली चप्पल.

मग बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरचं काम बघणारा, त्यात ओढला गेला. त्याचं म्हणणं, "सर्व्हर बरोबर आहे. दोन रिक्वेस्ट आल्या, दोन पेमेंट केली." अ‍ॅपवाल्याचं म्हणणं, "युजरने दोनदा दाबलं तर मी काय करू? आणि नेटवर्क गंडलं तर रिक्वेस्ट परत जाणारच." दोघंही तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, हीच तर पंचाईत. इकडे शुक्रवारी रिलीज, मॅनेजर हवालदिल. चार वाजता टपरीवर सगळे मिळून चहाला जायचे, ते दोन गटांत जायला लागले. एका टीममेटने मला हळूच विचारलं, "तू कुणाच्या बाजूने?" त्या दिवशी लक्षात आलं, आता हा बगचा वाद राहिलेला नाही.

आमच्या टीम लीडने दोन गोष्टी केल्या. तिघांना टेस्टरचा फोन घेऊन बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नेलं. तो फोन जुना, २ जीबी रॅमचा, आणि पार्किंगमध्ये रेंजची बोंब. तिसऱ्या प्रयत्नात पैसे दोनदा कापले. अ‍ॅपवाल्याचा फोन नवाकोरा आणि तो सदैव ऑफिसच्या वायफायवर, त्यामुळे "माझ्याकडे होत नाही" हे तो खरंच बोलत होता! पण आपले युजर काही ऑफिसच्या वायफायवर बसून लाइटबिल भरत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लीडने प्रश्न बदलला. "बग कुणाचा?" हा प्रश्न फळ्यावरून पुसला आणि लिहिलं, "एकदा बिल भरायचं ठरवलं तर एकदाच पैसे जातील, ही हमी कोण देणार?" उत्तर असं निघालं की कुणीच देत नव्हतं. अ‍ॅपवाल्याला वाटायचं सर्व्हर बघेल, सर्व्हरवाल्याला वाटायचं अ‍ॅप बघेल. कामाच्या वाटणीत ती जागाच सुटून गेली होती.

उपाय तसा जुनाच आहे. 'पे' दाबल्यावर अ‍ॅप त्या व्यवहाराला एक वेगळा नंबर देतं. नेटवर्कमुळे तीच मागणी दुसऱ्यांदा गेली तरी नंबर तोच जातो. सर्व्हर बघतो, हा नंबर आधी येऊन गेलाय का? गेला असेल तर नवीन पेमेंट न करता आधीचंच उत्तर परत पाठवतो. याला 'आयडेम्पोटन्सी की' म्हणतात. यासाठी अ‍ॅपमध्ये बदल लागला आणि सर्व्हरमध्येही. रिलीज चार दिवस पुढे गेलं, क्लायंटची बोलणी मॅनेजरने खाल्ली.

एक सांगतो, शेवटी कुणी कुणाची माफी मागितली नाही. ती टेस्टर आणि तो डेव्हलपर काही जिवलग मित्रही झाले नाहीत. पण पुढच्या तिकिटांमध्ये तिने फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, नेटवर्क कुठलं आणि कोणत्या क्रमाने काय दाबलं हे लिहायला सुरुवात केली, आणि त्याने जुन्या फोनवर बघितल्याशिवाय तिकीट बंद करणं सोडलं. टीम चालायला तेवढं पुरतं.

चॅटवरचा "ओके."

आजकाल ऑफिसची निम्मी भांडणं तोंडाने होतच नाहीत, टाइप होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "ओके" आलं तर ठीक, पण "ओके." असं पूर्णविरामासकट आलं की पोटात गोळा येतो. तुमच्याही आला असेल.

यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना काही वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली, काही गंभीर तर काही टोमणे. समोरच्याला आपला सूर किती वेळा बरोबर कळेल? पाठवणाऱ्यांचा अंदाज होता सुमारे ७८ टक्के वेळा. प्रत्यक्षात कळला सुमारे ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तर मात्र ७३ टक्क्यांपर्यंत बरोबर ओळखता आली. लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज चालू असतो. तो मेसेजबरोबर जात नाही, इतकंच.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर. मराठीत बोलताना "तू" म्हणायचं की "तुम्ही" यातच निम्मा मान ठरून जातो. ऑफिसच्या चॅटमध्ये सगळं इंग्रजीत, सगळ्यांना एकच 'यू'. मग चाळिशीच्या सिनियरला बावीस वर्षांच्या मुलाचा "व्हाय डिड यू डू धिस" उर्मट वाटतो. तोच मुलगा समोर असता तर "सर, हे असं का केलंय तुम्ही?" असं विचारलं असतं, आणि सरांनी खुर्ची ओढून समजावून सांगितलं असतं.

आमच्या आत्ताच्या टीममध्ये एक साधा नियम आहे. एकाच मुद्द्यावर दोन्ही बाजूंची दोन-दोन उत्तरं झाली आणि तरी पटलं नाही, तर तिसरं टाइप करायचं नाही. फोन करायचा किंवा उठून जायचं. बोलून जे ठरलं ते मात्र परत त्याच चॅटमध्ये दोन ओळींत लिहायचं. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि महिन्याभराने "असं ठरलंच नव्हतं" हा नवा वाद उभा राहतो.

कोड रिव्ह्यूमध्येही हेच. रिव्ह्यू म्हणजे तुम्ही लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासून त्यावर शेरे मारणं, बोर्डाच्या पेपरसारखं, फक्त तपासणारा रोज तुमच्यासमोर जेवायला बसतो. गूगलने आपल्या इंजिनिअरसाठीच्या रिव्ह्यूच्या सूचना सर्वांसाठी खुल्या ठेवल्यात. त्यात दोन गोष्टी चांगल्या आहेत. शेरा कोडवर मारायचा, लिहिणाऱ्यावर नाही. आणि बारीकसारीक गोष्ट असेल तर शेऱ्याच्या आधी 'निट' असं लिहायचं, म्हणजे "हे केलंस तर बरं, नाही केलंस तरी अडणार नाही." एवढ्या एका शब्दाने किती रक्तदाब वाचतो, हे रिव्ह्यू खाल्लेल्या माणसालाच कळेल.

सायकल शेडचा रंग

छोट्या गोष्टींवर मोठी भांडणं का होतात? सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये याची मजा सांगितली होती. एक समिती कोट्यवधींची अणुभट्टी दोन-अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातलं कुणालाच काही कळत नाही. पण सायकल ठेवायच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण त्यात सगळेच तज्ज्ञ. १९९९ मध्ये पॉल-हेनिंग कॅम्प या डॅनिश प्रोग्रॅमरने आपल्या फ्रीबीएसडी प्रकल्पातल्या लोकांना वैतागून याचीच आठवण करून दिली आणि 'बाइकशेडिंग' हा शब्द प्रोग्रॅमरच्या तोंडी कायमचा बसला. सोसायटीच्या मीटिंगला गेला असाल तर आणखी समजावायला नको.

प्रोग्रॅमर लोकांचं सायकल शेड म्हणजे कोडमध्ये जागा कशी सोडायची, टॅब की स्पेस. यावर खरंच मैत्र्या तुटल्यात. गूगलच्या गो भाषेवाल्यांनी यावर नामी उपाय काढला. भाषेबरोबरच 'गोफ्मट' नावाचं टूल दिलं, जे तुमचा कोड आपोआप एकाच साच्यात बसवतं. तो साचा प्रत्येकाच्या आवडीचा नाही, पण वाद घालायला समोर माणूसच उरत नाही. टीममध्ये जी गोष्ट कुठलीही चालेल पण एकच हवी, ती नियमावर किंवा मशीनवर सोडून द्या. रजेचा तक्ता, मीटिंगची वेळ, फाइलला नाव कसं द्यायचं, सगळं यात येतं.

चूक झाली, आता कुणाला पकडायचं?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब ही कंपनी प्रोग्रॅमर लोकांचा कोड साठवून ठेवते. रात्री उशिरापर्यंत एक इंजिनिअर डेटाबेसचा बिघाड दुरुस्त करत होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक त्याची नक्कल. नकलेवरचा डेटा पुसून नव्याने भरायचा होता. त्याने पुसायची कमांड दिली आणि क्षणात लक्षात आलं की ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा उडाला होता.

बॅकअप असेलच की! कंपनीत बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्या रात्री एकही नीट कामाला आली नाही. शेवटी योगायोगाने सुमारे सहा तास आधी काढलेली एक प्रत सापडली, तीवरून साइट उभी केली. मधल्या सहा तासांत लोकांनी केलेल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

अशा वेळी बहुतेक ऑफिसांत काय होतं, तुम्हाला माहीत आहे. एक नाव शोधलं जातं, त्याला नारळ दिला जातो आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. गिटलॅबने उलटं केलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. काही दिवसांनी सविस्तर अहवाल जाहीर केला, त्यात त्या इंजिनिअरचं नाव घातलं नाही आणि त्याला कामावरूनही काढलं नाही. अहवालात प्रश्न असे होते: बॅकअप बंद पडल्याचं कुणाला कसं कळलं नाही? ते तपासायची जबाबदारी कुणावर होती? उत्तर निघालं, कुणावरच नव्हती. आमच्या दोनदा कापल्या जाणाऱ्या पैशांसारखंच, मधला जोड मोकळा.

याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. काही लोकांना हे फार मवाळ वाटतं. "मग शिस्त कशी राहणार?" मला विचाराल तर यात मवाळ काही नाही, उलट हा हिशोबीपणा आहे. त्या इंजिनिअरला काढलं असतं तर पुढच्या वेळी चूक करणाऱ्याने ती लपवली असती. आणि तुटलेले पाच बॅकअप तसेच राहिले असते, पुढच्या माणसाची वाट बघत.

मोठ्या माणसांची भांडणं

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्स आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते सुरू केलं आणि आज त्यावर जगभरातले हजारो लोक ईमेलवरून काम करतात. टोरवाल्ड्स जितके हुशार तितकेच फटकळ. कुणाचा कोड आवडला नाही तर सगळ्यांसमोर अक्षरशः सालटी काढायचे. बरीच वर्षं लोक म्हणायचे, "माणूस थेट आहे, त्यामुळेच लिनक्स एवढं पक्कं आहे." २०१५ मध्ये प्रकल्पाने एक नियमावली केली, तिचं नावच 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट'. म्हणजे तुमच्या कोडवर टीका होणारच, तयारीने या.

सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी एका रिलीजच्या ईमेलमध्येच आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेणार असल्याचं सांगितलं आणि काही आठवडे कामापासून दूर गेले. त्याच सुमाराला जुनी नियमावली जाऊन 'कोड ऑफ कंडक्ट' आला. ऑक्टोबरमध्ये ते परतले. लिनक्स काही कच्चं झालं नाही, तुमचा फोन चालतोय.

त्याच वर्षी जुलैमध्ये पायथन भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी प्रमुखपद सोडलं. कारण काय, तर भाषेत एक छोटंसं चिन्ह घालायचं की नाही, यावरचा वाद. चिन्ह घातलं गेलं, पण त्या निर्णयासाठी इतकं झगडावं लागलं आणि इतक्या लोकांचा रोष घ्यावा लागला की त्यांना ते नको झालं. पुढे पायथनने एका माणसाच्या जागी निवडून आलेल्या पाच जणांचं मंडळ आणलं.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. एकीकडे वरचा माणूस खालच्यांना दुखावत होता, दुसरीकडे खालून येणाऱ्या भडिमाराने वरचा माणूस दमला. तणाव सोसणारा नेहमी ज्युनियरच असतो असं नाही. तुमचा टीम लीडही संध्याकाळी फोन सायलेंटवर टाकून गच्चीत उभा असू शकतो.

भांडण ऐकूच येत नाही, अशी टीम

मला स्वतःला आरडाओरडा करणाऱ्या टीमपेक्षा गप्प टीमची जास्त भीती वाटते. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, असा अंदाज. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! नंतर उलगडलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या उघडपणे सांगत होते. बाकीच्या टीममध्ये झाकल्या जात होत्या. बोलण्याची ही जी मोकळीक, तिला त्यांनी 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हटलं. पुढे गूगलने आपल्या १८० टीमचा अभ्यास केला, तेव्हाही टीममध्ये कोण आहे यापेक्षा ही मोकळीक जास्त महत्त्वाची ठरली.

आपल्याकडे ही मोकळीक सहज येत नाही. घरात मोठ्यांपुढे उलट बोलायचं नाही, शाळेत सरांना शंका विचारली की वर्ग हसतो. मग ऑफिसात मॅनेजर "एनी कन्सर्न्स?" विचारतात आणि कॉलवर स्मशानशांतता. त्याच वेळी पाच जणांच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडत असतो.

इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या बैठकीत एक गमतीशीर पद्धत बरीच वर्षं वापरली गेली. हात वर करायला लावण्याऐवजी लोकांना तोंड मिटून 'हं' असा आवाज काढायला सांगायचे. कुठल्या बाजूचा आवाज मोठा, यावरून कल कळायचा, आणि कोण काय म्हणालं हे दिसायचं नाही. आपल्या ऑफिसात गुणगुणणं जरा जास्तच होईल, पण मीटिंगमध्ये सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलायला देणं जमतं. सिनियर एकदा बोलला की बाकीचे "सेम हिअर" म्हणून मोकळे होतात.

ॲमेझॉनमुळे गाजलेलं एक तत्त्व आहे, 'डिसॅग्री अँड कमिट'. पटत नसेल तर आधी स्पष्ट सांगा, पण निर्णय झाला की मन लावून साथ द्या. तत्त्व चांगलं आहे. फक्त काही मॅनेजर त्यातलं पहिलं पाऊल गाळून थेट दुसऱ्यावर येतात, तेव्हा त्याचा अर्थ "गप्प बस आणि कर" एवढाच उरतो.

मग बोलायचं कसं?

समजा रिलीज कॉलवर सगळ्यांसमोर तुमच्यावर खापर फुटलं. दोन तासांनी, डोकं शांत झाल्यावर, त्या माणसाला एकट्याला गाठा. "तू नेहमी असंच करतोस" यातला 'नेहमी' हा शब्द काढून टाका, कारण समोरचा लगेच तीन अपवाद सांगतो आणि मूळ मुद्दा हरवतो. त्याऐवजी असं बोलून बघा: "काल कॉलवर तू म्हणालास की टेस्टिंगमुळे उशीर झाला. मला बिल्ड सहाला मिळाली आणि रिलीज सातला होतं. पुढच्या वेळी बिल्ड दुपारी मिळेल का? नाही तर काय सोडून द्यायचं ते आधी ठरवू." यात काय घडलं ते आहे, वेळ आहे आणि एक मागणी आहे. समोरच्याच्या मनात काय होतं, याचा अंदाज यात कुठेच नाही.

मॅनेजरकडे जायचं असेल तर त्या माणसाला आधी सांगून जा. "आपलं दोघांचं पटत नाहीये, आपण सरांना विचारूया का?" असं म्हणून दोघांनी मिळून गेलात तर ती चुगली राहत नाही. आणि मॅनेजरच वादाचा भाग असेल, तर मुद्दे तारखेसह लिहून ठेवा, आठवणीवर विसंबू नका.

हा वाद नाही, हा त्रास आहे

वर सांगितलेलं सगळं मतभेदासाठी आहे. शिवीगाळ, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, रात्री-अपरात्री नको ते मेसेज, अंगाशी येणं, याला "टीममधला तणाव" म्हणायचं नाही. तिथे चहा पाजून समेट घडवायला जाणारे मध्यस्थ, कितीही सद्भावनेने आले तरी, नुकसानच करतात.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यासाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. ऑफिस त्याहून लहान असेल, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी द्यायची असते, साधारण घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. समितीच्या सदस्यांची नावं ऑफिसात ठळकपणे लावलेली असायला हवीत. उद्या गेलात की बघून घ्या, कुठल्या भिंतीवर आहेत ती.